उमेदवारीचीं वर्षें

‘उमेदवार’ हा शब्द आपल्या घरांस नवा नाहीं. इंग्रजी अमदानींत मामलेदार-कचेरींत अथवा मुनसफाच्या कोर्टांत एखादा तरुण बिनपगारी येऊन बसे, कारकुनांच्या हाताखालीं नकला उतरी, दप्तरें बांधी, आणि कोणी पेन्शनींत गेला अगर देवाघरीं गेला म्हणजे ती जागा आपणांस मिळेल या आशेवर महिने, प्रसंगीं वर्षें काढी. त्यास उमेदवार म्हणत. फारसी ‘उमेद’ म्हणजे आशा, आणि त्या बिचाऱ्याजवळ आशेवांचून दुसरें भांडवलही नसे. पुढें १९६१ सालीं स्वतंत्र भारताच्या संसदेनें एक कायदा केला; मराठींत त्याचें नांव ‘शिकाऊ उमेदवार अधिनियम’ असें झालें. या कायद्यांतला उमेदवार नुसता वाट पाहत बसत नाहीं. तो काम शिकतो, शिकत असतां विद्यावेतन घेतो, आणि ठरलेली मुदत भरली म्हणजे परीक्षा देऊन प्रमाणपत्रासह बाहेर पडतो.

आमच्या वाचकांच्या घरांत आज या दोहोंपैकीं कोणत्या प्रकारचा उमेदवार अधिक आढळतो हें आम्हीं सांगावयास नको. माडीवरची खोली, भिंतीवर देशाचा नकाशा, मेजावर सामान्यज्ञानाच्या पुस्तकांची चळत, आणि तिच्यामागें सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा, हुशार, सुस्वभावी असा घरचा मुलगा. खालीं कोणी मोठ्यानें बोलूं लागलें तर आजी तोंडावर बोट ठेवून म्हणतात, “हळू बोला, त्याचा अभ्यास चालला आहे.” केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेस दर वर्षीं दहा लाखांहून अधिक अर्ज येतात, आणि निवड होते ती हजाराच्या आसपास. खुल्या वर्गांतील उमेदवारास तेथें ३२ वर्षांपर्यंत सहा वेळां बसतां येतें. राज्याच्या आयोगानें तर वयाची मर्यादा ३८ वर्षांपर्यंत नेऊन ठेविली आहे. नियम करणाऱ्यांनीं ही सवलत तरुणांच्या सोयीसाठींच दिली यांत संशय नाहीं. परंतु जें दार इतकीं वर्षें उघडें राहतें त्याच्यापुढून उठून जाणें तरुणास फार जड जातें, आणि ‘आतां पुरे’ असें त्यास सांगण्याचें धैर्य घरांत कोणासही होत नाहीं.

या परीक्षांविरुद्ध आमचें कांहीं म्हणणें नाहीं. राज्यकारभारास चांगलीं माणसें लागतातच. आमचें म्हणणें निराळें आहे. सरकार तरुणांसाठीं काय करतें, असा प्रश्न आपल्या घरांत निघाला म्हणजे सरकार किती जागा भरतें एवढेंच आपण मोजतों. सरकार त्याच तरुणांस शिकविण्यासाठीं जें कांहीं उघडून बसलें आहे तें आपल्या घरावरून पुढें निघून जातें, आणि आपणांस त्याचा पत्ताही लागत नाहीं.

वस्तुतः राजसत्तेनें विद्यार्थ्यांस पोसावें ही कल्पना आपल्याच घरांत प्रथम रुजली. सेनापति दाभाड्यांनीं तळेगांवास सुरू केलेला दक्षिणेचा प्रघात पेशव्यांनीं पुण्यास पुढें चालविला. श्रावणांत पर्वतीच्या पायथ्याशीं रमण्यांत दूरदूरचे ब्राह्मण जमत व दक्षिणा घेऊन परत जात. १८१८ सालीं राज्य गेलें. नव्या सरकारनें मात्र दक्षिणा एकदम बंद केली नाहीं, तिला वळण दिलें. १८२१ सालीं विश्रामबागवाड्यांत त्या पैशांतून संस्कृत पाठशाळा निघाली. तिच्यांतूनच पुढें पूना कॉलेज व डेक्कन कॉलेज झालें. १८४९ सालीं गोपाळ हरि देशमुख, म्हणजे आपले लोकहितवादी, व त्यांच्या विचाराच्या मंडळींनीं सरकारकडे अर्ज केला कीं, दक्षिणेचा कांहीं भाग चांगलीं मराठी पुस्तकें लिहिणारांस बक्षिसें देण्याकडे लावावा. पुण्यांत त्यावर केवढें वादळ उठलें! धर्मकृत्याचा पैसा प्राकृत ग्रंथांस द्यावयाचा म्हणजे काय, असा जुन्या मंडळींचा सवाल होता. तरी १८५१ सालीं दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झालीच. नंतर याच निधींतून कॉलेजांतील हुशार विद्यार्थ्यांस ‘दक्षिणा फेलो’ म्हणून नेमूं लागले. न्यायमूर्ति रानडे दक्षिणा फेलो होते; डॉ. रामकृष्णपंत भांडारकरही होते. ज्या पैशासाठीं आजे-पणजे रमण्यांत उभे राहिले त्याच पैशावर नातवंडांनीं इतिहास, अर्थशास्त्र व भाषाशास्त्र यांचा अभ्यास केला. सरकारच्या साह्याचें रूप पालटलें, आणि कुरकुर करीत कां होईना, दोन पिढ्यांच्या आंत आपलीं घरेंही त्याबरोबर पालटलीं.

या ठिकाणीं एक गोष्ट स्पष्टपणें बोलली पाहिजे. तें साह्य एका जातीपुरतें होतें. इतरांस त्यासाठीं फार काळ तिष्ठावें लागलें. कोल्हापुरास शाहू छत्रपतींनीं १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठीं वसतिगृहें उभीं करविलीं, तेव्हां कोठें खेड्यांतल्या मुलास शहरांत राहून शिकणें शक्य झालें. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीं १९१३ सालीं भीमराव आंबेडकरांस अमेरिकेंतील कोलंबिया विद्यापीठांत शिकण्यासाठीं शिष्यवृत्ति दिली. करारानुसार दरबारची नोकरी करण्यास १९१७ सालीं ते बडोद्यास आले. पण एवढ्या विद्वान् माणसास त्या शहरांत कोणी राहावयास जागा देईना. राज्यानें आपलें कर्तव्य केलें असतां घरांनीं दार लावून घेतलें म्हणजे काय होतें, याचें याहून खेदकारक उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

हाताच्या विद्येकडेही त्या काळीं आपल्यांतील कांहीं मुलगे वळले होते. त्र्यंबकेश्वराच्या एका शास्त्र्यांचा मुलगा मुंबईस जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्यें गेला, तेथून बडोद्याच्या कलाभवनांत गेला, आणि छायाचित्रण, साच्याचें काम वगैरे नाना हुन्नर शिकला. १९१३ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट काढणारे दादासाहेब फाळके ते हेच. लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकार व्हावयास जे. जे.मध्यें गेले; डोळ्यांस कांहीं रंग नीट ओळखूं येत नाहींत असें आढळल्यावर त्यांनीं यंत्रांचें आरेखन धरलें, मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें तें शिकविलें, आणि १९१० सालीं औंधच्या अधिपतींनीं दिलेल्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसविली. या दोघांचीं चरित्रें आपल्या घरांत मोठ्या अभिमानानें सांगितलीं जातात. मात्र घरच्या मुलानें ‘मला फिटर व्हावयाचें आहे’ असें म्हटलें, तर त्या अभिमानाचा त्यास कितपत उपयोग होतो हें पाहण्यासारखें असतें.

असो. आतां आजची व्यवस्था काय आहे तें पाहूं.

१९५० सालीं केंद्र सरकारनें कारागीर प्रशिक्षणाची योजना काढली. १९५६ सालीं तीखालच्या संस्थांचा कारभार राज्यांकडे आला. याच त्या औद्योगिक प्रशिक्षण संस्था. लोक त्यांस आयटीआय म्हणतात. एकट्या महाराष्ट्रांत सरकारी संस्था चारशेंहून अधिक आहेत, आणि तालुक्याच्या बहुतेक ठिकाणीं एक तरी आढळते. दहावी झालेल्या मुलास तेथें एक किंवा दोन वर्षांचा अभ्यासक्रम घेतां येतो. वेल्डर अगर संगणक चालविण्याचा कोर्स एक वर्षाचा. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन, ड्राफ्ट्समन हे दोन वर्षांचे. सरकारी संस्थेंतील फी अशी आहे कीं, कॉलेजच्या मुलाचा दोन-तीन महिन्यांचा वरखर्च त्याहून अधिक होईल.

या संस्थांत शिकवितात तरी काय, हें वाचकांपैकीं फार थोड्यांनीं पाहिलें असेल. फिटरच्या वर्गांत मुलास प्रथम यंत्राजवळ नेत नाहींत. त्याच्या हातांत कानस देतात, पुढें व्हाइसमध्यें पोलादाचा एक ओबडधोबड तुकडा आवळून देतात, आणि ‘याची बाजू सपाट कर’ म्हणून सांगतात. मुलगा घासूं लागतो. हाताचा दाब पुढें जातांना द्यावयाचा व मागें येतांना सोडावयाचा, दोन्ही पायांवर भार सारखा ठेवावयाचा, खांदे हलवावयाचे नाहींत. अर्ध्या तासांत दंड भरून येतात. मग शिक्षक त्या तुकड्यावर गुण्या लावून तो उजेडाकडे धरतात. गुण्या व पोलाद यांच्या फटींतून प्रकाशाची रेघ दिसली कीं पुन्हां घासणें. हा क्रम कित्येक दिवस चालतो. पाठांतरावर वाढलेल्या आमच्या मुलांस यांतला शिक्षणाचा भाग चटकन ध्यानीं येत नाहीं. पण विचार करावा: भाषेच्या उत्तरपत्रिकेंत अर्धें बरोबर उत्तर लिहूनही अर्धे गुण पदरांत पडतात, येथें उजेडाची रेघ अर्धी बरोबर नसते. आपल्या चुकीशीं रोज इतक्या जवळून गांठ घालून देणारी दुसरी शाळा आम्हांस माहीत नाहीं.

मुदतीच्या अखेरीस अखिल भारतीय परीक्षा होते व उत्तीर्ण झालेल्यास राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळतें. येथें शिक्षण संपलें असा पुष्कळांचा समज आहे. तो चुकीचा आहे. दहावीनंतर दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करणारास भाषेचे विषय देऊन बारावीची समकक्षता घेतां येते. शिवाय त्यास पॉलिटेक्निकच्या पदविकेच्या दुसऱ्या वर्षास थेट प्रवेश मिळूं शकतो, आणि पदविका झाली म्हणजे त्याचप्रमाणें इंजिनिअरिंगच्या पदवीसही जातां येतें. म्हणजे ज्या इंजिनिअरिंगसाठीं आपण मुलास दोन वर्षें क्लासांच्या चरकांत घालतों, तेथें जाण्याची ही दुसरी वाट आहे. लांब खरी, पण या वाटेनें जाणारा मध्येंच कोठें थांबला तरी त्याच्या हातांत कांहीं कसब असतें.

आणि मग ती शिकाऊ उमेदवारी. १९६१ चा कायदा प्रथम कारागिरांपुरता होता. १९७३ सालीं त्यांत इंजिनिअरिंगचे पदवीधर व पदविकाधारक आले. १९८६ सालीं व्यवसाय-शिक्षण घेऊन बारावी झालेले आले. आणि २०१४ सालच्या दुरुस्तीनें कला, वाणिज्य, विज्ञान अशा इतर शाखांच्या पदवीधरांसही दार उघडलें. ज्या आस्थापनेंत तीस किंवा अधिक माणसें कामास आहेत तिनें मनुष्यबळाच्या शेंकडा अडीच ते पंधरा या प्रमाणांत शिकाऊ उमेदवार घेतलेच पाहिजेत असा नियम आहे. २०१९ सालीं सुधारलेल्या नियमांनीं किमान विद्यावेतन पात्रतेप्रमाणें दरमहा ५००० ते ९००० रुपये ठरविलें. या विद्यावेतनाचा कांहीं भार सरकार स्वतः उचलतें. पदवीधर व पदविकाधारकांच्या बाबतींत किमान रकमेचा निम्मा वाटा केंद्राकडून येतो. वाणिज्य शाखेचा पदवीधर एखाद्या कंपनीच्या हिशेब-खात्यांत एक वर्ष शिकूं शकतो, आणि त्याबद्दल त्यास पैसे मिळतात, ही गोष्ट आमच्या माडीवरच्या किती उमेदवारांस ठाऊक आहे?

ठाऊक असली तरी ते जात नाहींत, आणि त्याचें कारण आमच्या मतें आळस हें नाहीं. कारण घराच्या रचनेंतच आहे. एकत्र कुटुंबाचा मोठा गुण हा कीं तेथें एकट्यावर उपाशी राहण्याची पाळी येत नाहीं. आजोबांची पेन्शन असते, थोरल्या काकांचा पगार असतो, गांवाकडून वर्षाचे तांदूळ येतात. एक पान वाढलें म्हणून कोणाच्या लक्षांतही येत नाहीं. म्हणून आपला मुलगा थांबूं शकतो. मजुराचा मुलगा थांबूं शकत नाहीं. तो सतराव्या वर्षीं आयटीआयचा अर्ज भरतो व विसाव्या वर्षीं मिळवूं लागतो. कुटुंबाची जी माया दुबळ्यास आधार द्यावयाची, तीच सशक्त तरुणास बसवून ठेवते. पुण्यास सदाशिव पेठेंत कॉट घ्यावयाची, खाणावळ लावावयाची, अभ्यासिकेची व क्लासची फी भरावयाची. हा खर्च आपण वहींत मांडतों. त्या सहा-सात वर्षांत त्यानें जें शिकलें नाहीं व मिळविलें नाहीं तें मात्र कोणत्याही वहींत मांडलें जात नाहीं.

आमच्या परिचयाच्या एका घरांतील हकीकत सांगण्यासारखी आहे. घर नाशिककडचें, तीन भाऊ एकत्र, वर वडील माणसें. मधल्या भावाच्या मुलानें दहावीस ऐंशीच्या वर गुण मिळविले आणि इलेक्ट्रिशियनचा कोर्स घेतों म्हणून हट्ट धरला. रात्रीं जेवणें झाल्यावर माजघरांत सर्व जमले. आजोबा म्हणाले, “आपल्या घरांत पाना-पक्कड कोणीं हातांत धरली आहे कधीं?” आजी पानाला चुना लावीत होत्या, त्या तेथूनच म्हणाल्या, “धरली नाहीं म्हणून तर पंखा बंद पडला कीं चार-चार दिवस वायरमनची वाट पाहत बसतां!” हंशा पिकला, पण निकाल मुलाविरुद्धच लागला. “काका, मी पुढें डिप्लोमा करीन कीं,” असें तो म्हणत होता, काकांनीं त्याच्या पाठीवरून हात फिरविला व म्हटलें, “बाळा, एवढे गुण मिळविलेस ते काय यासाठीं?” तो वाणिज्य शाखेस गेला, पदवीधर झाला, आणि त्यानंतर चार वर्षें बँकेच्या परीक्षा देत राहिला.

याच घरांत धाकट्या भावाची मुलगी दोन वर्षांनीं दहावी झाली. तिनें सिव्हिल ड्राफ्ट्समनचा कोर्स मागितला. तिच्यासाठीं मात्र माजघरांत कोणी बसलें नाहीं; ‘लग्न होईपर्यंत शिकेल कांहीं तरी’ एवढ्यावर परवानगी मिळाली. मुलींस या संस्थांत शेंकडा तीस जागा राखून ठेविलेल्या आहेत, त्यामुळें प्रवेशासही अडचण पडली नाहीं. दोन वर्षांनीं ती पदविकेच्या दुसऱ्या वर्षास गेली, आणि आज एका वास्तुविशारदाच्या कचेरींत नकाशे काढते. घरानें मुलाकडे फार लक्ष पुरविलें व मुलीकडे कमी, आणि त्या कमी लक्षाचा तिला फायदा झाला! आपल्या मुलींकडे दुर्लक्ष करावें असें आम्हीं सुचवितों आहों, असा कोणी कृपा करून समज करून घेऊं नये. त्या मुलास शेवटीं त्याच बहिणीनें पदवीधरांच्या उमेदवारीची माहिती आणून दिली. “दादा, अर्ज तरी भरून ठेव,” असें ती म्हणाली, आणि चोविसाव्या वर्षीं तो एका कारखान्याच्या भांडार-विभागांत शिकाऊ म्हणून लागला.

सरकारची बाजूही निर्दोष नाहीं, आणि तें न सांगतां वाचकांस तिकडे धाडणें अप्रामाणिकपणाचें होईल. देशांत आयटीआय सुमारें पंधरा हजार आहेत. त्यांपैकीं तीन-चतुर्थांशांहून अधिक खाजगी आहेत, आणि त्यांत बऱ्यावाईटाचें प्रमाण फार विषम आहे. कित्येक सरकारी संस्थांतील लेथ इतके जुने कीं, ज्या कारखान्यांत मुलानें पुढें जावयाचें तेथें तसलें यंत्र कधींच मोडींत निघालेलें असतें. शिकविणारांच्या जागा वर्षानुवर्षें रिकाम्या राहतात. उमेदवारीच्या बाबतींत कायदा स्पष्ट सांगतो कीं शिकाऊ हा कामगार नव्हे. म्हणून कामगार-कायद्यांचे पुष्कळसे हक्क त्यास नाहींत, आणि कांहीं मालक याचा फायदा घेऊन शिकविण्याच्या नांवाखालीं स्वस्तांत काम काढून घेतात. मुदत संपल्यावर नोकरी देण्याचें बंधन मालकावर नाहीं. पूर्वीं कायदा मोडणाऱ्या मालकास कैदेची जी भीति होती ती २०१४ च्या दुरुस्तीनें काढून टाकली, आतां केवळ दंड आहे.

त्याहून मोठा दोष अल्पमुदतीच्या योजनांचा. २०२४ च्या जुलैंत महाराष्ट्र सरकारनें मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. बारावी झालेल्यास दरमहा ६०००, आयटीआय अगर पदविका झालेल्यास ८००० व पदवीधरास १०००० रुपये देऊन सहा महिने सरकारी कचेऱ्यांत व खाजगी आस्थापनांत काम शिकवावयाचें, अशी ती योजना. पुढें २०२५ सालीं मुदत ११ महिन्यांची केली. मुदत संपली, आणि ज्यांस कचेरीची खुर्ची दाखविली होती त्या तरुणांनीं आम्हांस कायम करा म्हणून आंदोलनें केलीं. त्यांस दोष कसा द्यावा? शिकविणें व नेमणें यांतील भेद सरकारनें त्यांस आरंभींच नीट समजावून दिला नाहीं. जुन्या कचेरींतला तो आशेवर बसलेला उमेदवार, विद्यावेतनासह, पुन्हां जन्मास आला. केंद्र सरकारनेंही २०२४ च्या ऑक्टोबरांत मोठ्या कंपन्यांतून वर्षभराच्या अनुभवाची एक योजना सुरू केली. २१ ते २४ वयाच्या तरुणांस दरमहा ५००० रुपये. आरंभीच्या नियमांप्रमाणें आईवडिलांपैकीं कोणी कायम सरकारी नोकरींत असलें तर मुलास तींत प्रवेश नव्हता, तेव्हां आमच्या पुष्कळ वाचकांचा तो प्रश्न आपोआपच सुटला म्हणावयाचा. अशा योजना येतात व जातात. ज्यांत ठराविक अभ्यासक्रम आहे, परीक्षा आहे व देशभर मानलें जाणारें प्रमाणपत्र आहे, तेवढ्यांवरच घरानें भिस्त ठेवावी असें आमचें मत आहे.

कॉलेजांतील दोन उपक्रमांचा येथें नुसता उल्लेख करितों, कारण ते वाचकांस परिचित आहेत. राष्ट्रीय छात्रसेना १९४८ च्या कायद्यानें स्थापन झाली व पुढच्याच वर्षीं तींत मुलींचा विभाग निघाला; तिचें ‘सी’ प्रमाणपत्र मिळविणारास सैन्याच्या अधिकारी-निवडींत वेगळी वाट आहे. राष्ट्रीय सेवा योजना गांधी-शताब्दीच्या वर्षीं, २४ सप्टेंबर १९६९ रोजीं, ३७ विद्यापीठांत ४० हजार विद्यार्थी घेऊन सुरू झाली. तींत दोन वर्षांत २४० तास काम व सात दिवसांचें खेड्यांतील शिबिर असतें. शिबिरास मुलीला पाठवावें कीं नाहीं यावर अजूनही कांहीं घरांत खल होतो, पाठवावें.

ज्या घरांत यंदा कोणी दहावीस आहे त्यांनीं निकालाची वाट न पाहतां सुट्टींतच मुलासह तालुक्याच्या आयटीआयमध्यें एक फेरी मारावी. प्राचार्यांस भेटण्याआधीं वर्कशॉप पाहावें: यंत्रांवर धूळ आहे कीं तेल आहे, मुलें उभीं आहेत कीं बसलीं आहेत, कोणत्या ट्रेडला शिक्षक आहे व कोणता नुसता पाटीवर आहे. मागील दोन वर्षांचीं मुलें कोठें लागलीं हें विचारावें, आणि उत्तर गुळमुळीत आलें तर शेजारच्या तालुक्याची संस्था पाहावी. प्रवेशाचा अर्ज सर्व राज्यासाठीं एकत्र असतो. त्यांत संस्था व ट्रेड यांचा पसंतीक्रम फार विचारानें भरावा, कारण पहिल्या पसंतीची जागा मिळाली म्हणजे ती नाकारून पुढें चांगली मिळेल या भरंवशावर राहणें अंगाशीं येतें.

ज्या घरांत पदवीधर बसून आहे त्यांनीं शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी संकेतस्थळावर त्याचें नांव नोंदवावें. कारागिरीच्या ट्रेडसंबंधीं जिल्ह्याच्या मूलभूत प्रशिक्षण व अनुषंगिक सूचना केंद्रांत चौकशी करतां येते. नांव लांबलचक आहे, पण काम सरळ आहे. मालकाशीं जो करार होतो तो नोंदविलेला असला पाहिजे. त्यांत ट्रेडचें नांव, मुदत व विद्यावेतनाची रक्कम हीं तीन ठिकाणें वाचल्याखेरीज पुढें जाऊं नये. उमेदवार अठरा वर्षांच्या आंतील असेल तर त्याच्या वतीनें पालकानें सही करावयाची असते. अठरा पूर्ण झालेला तरुण आपली सही आपणच करतो.